कुलूप भारी, कोयंडा ढिला

"लॅपटॉप स्लो झालाय? रॅम टाक!"
"व्हायरस आला? फॉरमॅट मार!"
"मी तर लिनक्स वापरतो, मला काय होणार?"
"बाबांनी घरी चार कॅमेरे बसवलेत, आता नो टेन्शन."
"आणि मुळात माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

मित्रहो, ही वाक्यं ऐकली नाहीत असा माणूस आपल्या होस्टेलमध्ये शोधून सापडणार नाही. मेसची रांग असो की सबमिशनची रात्र, कॉम्प्युटर आणि कुलूप या दोन विषयांवर प्रत्येकाचं मत तयार असतं आणि ते एकदम ठाम असतं. गंमत म्हणजे यातलं एकही मत पूर्णपणे चुकीचं नाही. रॅम टाकल्याने फरक पडतो, फॉरमॅट मारल्याने बरेच व्हायरस जातात, कॅमेऱ्याचा उपयोग होतो. फक्त प्रत्येक मत अर्ध्या वाटेवर थांबतं.

ते कसं, हे समजून घ्यायला आपल्याच खोलीचं दार बघा. कुलूप असतं दणदणीत, पितळी, सहा-सातशे रुपयांचं. पण ते ज्या कोयंड्यात अडकवलेलं असतं तो कोयंडा दोन गंजक्या स्क्रूंवर उभा असतो, आणि ते स्क्रू भुसभुशीत झालेल्या चौकटीत कसेबसे तग धरून असतात. चोर कुलपाकडे बघतसुद्धा नाही. तो स्क्रू काढतो, कुलूप कडीकोयंड्यासकट बाजूला ठेवतो आणि आत जातो. कुलूप शेवटपर्यंत बंदच असतं बिचारं!

फर्स्ट इयरपासून आपण शिकत आलोय की साखळीची ताकद म्हणजे तिच्या सगळ्यात कमजोर कडीची ताकद. पेपरात हे आपण लिहितो आणि खोलीवर येऊन विसरतो. आपलं लक्ष जाहिरात होणाऱ्या, विकत मिळणाऱ्या, मित्राला दाखवता येणाऱ्या वस्तूकडे असतं. कोयंड्याची जाहिरात कोणी करत नाही. या लेखात आपल्या नेहमीच्या मतांमधला असा एकेक कोयंडा शोधून बघूया.

मत पहिले : "स्लो झालाय? रॅम टाक."

सुरुवात हार्डवेअरपासून. आधी एक छोटी श्रद्धा बाजूला करू. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मारल्याने कॉम्प्युटर फास्ट होत नाही. डेस्कटॉपवरचे आयकॉन तेवढे पुन्हा काढले जातात. बोटांना व्यायाम होतो, ही गोष्ट वेगळी.

आता रॅम. प्रोसेसर काम करतो तेव्हा त्याला लागणारा डेटा रॅममध्ये असावा लागतो. रॅम कमी पडली की सिस्टिम त्यातला काही भाग डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. म्हणून रॅम भरून वाहत असेल तर वाढवल्याचा फायदा नक्की होतो. पण टास्क मॅनेजर उघडून पाहिलं आणि आठ जीबीतली निम्मी मोकळी दिसली, तर आणखी आठ टाकून काय होणार? निम्म्या रिकाम्या बसला दुसरा डबा जोडल्यासारखं होईल.

जुन्या लॅपटॉपमध्ये खरी अडचण बहुतेक वेळा हार्ड डिस्कची असते. हिशोब सोपा आहे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य जागी सरकायला साधारण दहा मिलिसेकंद. एकूण पंधरा धरा. म्हणजे ही डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठ-सत्तर वेळाच वाचू शकते! विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचते. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे तिथे हेच काम सेकंदाला हजारो वेळा होतं. म्हणून जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली की ते मशीन ओळखू येत नाही. लॅमिंग्टन रोडला रॅम घ्यायला निघण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर अडकलेला आहे का, एवढं बघा. जे अडतंय ते बदला, जे दिसतंय ते नको.

जाता जाता : निघालेली जुनी हार्ड डिस्क तशीच विकू नका. फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट मारलं तरी त्यावरचा डेटा लगेच पुसला जात नाही. पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. रिकव्हरी सॉफ्टवेअर ती पानं चाळून तुमचे फोटो आणि आधार कार्डाची स्कॅन कॉपी काढून देतं. विकण्याआधी पूर्ण डिस्कवर एकदा नवीन डेटा लिहिणारं, म्हणजे फुल फॉरमॅट, करायलाच हवं. वेळ लागतो, पण तो काय, रात्रभर चालू ठेवता येतं.

मत दुसरे : "कुलूप एकदम भारी घ्यायचं."

आपल्याकडे कुलूप म्हटलं की गोदरेज. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून 'नावाचं कुलूप लावलं की निर्धास्त' हे आपल्या घराघरांत मुरलेलं आहे. पण कुलपांच्या इतिहासातली त्याआधीची एक घटना प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याने वाचायलाच हवी.

लंडनमध्ये ब्रामा कंपनीने आपलं एक कुलूप दुकानाच्या काचेत मांडून ठेवलं होतं. किल्लीशिवाय हे कुलूप उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस! वर्षानुवर्षं कोणालाही ते जमलं नाही. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूप कारागीर आला. आधी त्याने चब कंपनीचं अभेद्य म्हणून गाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला आणि १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम करून तेही उघडलं. एकच खळबळ उडाली. कुलपांमधले दोष असे चारचौघांत सांगावेत का, चोरांना आयतं शिक्षण मिळेल, असा वाद सुरू झाला. हॉब्जचं म्हणणं होतं की चोरांना हे आधीपासूनच माहीत असतं. माहीत नसतं ते गिऱ्हाइकाला.

पुढे १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी हाच विचार गुप्तलेखनाच्या शास्त्रात आणला. किल्ली सोडून बाकी सगळं शत्रूला ठाऊक झालं तरी पद्धत सुरक्षित राहिली पाहिजे, असं त्यांचं तत्त्व. आज आपण बँकेची वेबसाइट उघडतो तेव्हा वापरली जाणारी एन्क्रिप्शनची पद्धत जगजाहीर असते, कोणीही वाचावी. गुप्त असते ती फक्त किल्ली.

म्हणजे सगळा भार किल्लीवर आला. आणि आपली किल्ली कुठे असते? चौकटीवर, चपलेत, नाहीतर खिडकीतल्या टूथब्रशच्या मगमध्ये. तीन पार्टनर, दोन किल्ल्या, मग दुसरं होणार काय! मागच्या बॅचकडून पन्नास रुपयांत घेतलेल्या कुलपाची तिसरी किल्ली कोणाकडे आहे, हे त्या बॅचलाही सांगता येणार नाही. तेव्हा कुलपावर आणखी तीनशे रुपये घालण्याऐवजी सुताराकडून कोयंड्याला आरपार बोल्ट मारून आतल्या बाजूने नट लावून घ्या आणि तिसरी किल्ली पाडून घ्या. रेक्टर सरांना विनंती की सुट्टीत दारांना रंग लावताना एवढं एक काम होऊन जावं.

मत तिसरे : "लॅपटॉपला पासवर्ड आहे की!"

समजा तरीही चोरी झालीच. लॅपटॉप गेला. "जाऊ दे, पासवर्ड आहे, आतलं काही मिळणार नाही त्याला," असं आपण स्वतःला समजावतो. पण विंडोजचा लॉगिन पासवर्ड हे फक्त पुढचं दार आहे. चोर चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावतो. तिथे तुमच्या विंडोजला कोणी विचारतच नाही. पुन्हा तेच, कुलूप बंद आणि कोयंडा उघडा.

यावर इलाज म्हणजे डिस्क एन्क्रिप्शन. डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते किल्लीने गुंतवून लिहिलं जातं. किल्ली नसेल तर नुसता कचरा दिसतो. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, लिनक्समध्ये लक्स, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. वेगळे पैसे लागत नाहीत. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ते आधीच चालू असतं, आणि हे मालकाला माहीत नसतं! अशा वेळी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा. मदरबोर्ड बदलल्यावर तीच मागितली जाते आणि ती नसेल तर मालकालाही डेटा मिळत नाही. चांगलं कुलूप मालक-चोर असा भेद करत नाही, ते फक्त किल्ली ओळखतं.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बॅकअप. लॅपटॉप पुन्हा घेता येईल, थोडं कर्ज काढून का होईना. सातव्या सेमिस्टरपासून जमवलेला प्रोजेक्टचा कोड आणि रीडिंग्ज कुठून आणणार? हार्ड डिस्क सांगून मरत नाही. एक जुना साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, क्लाउडवर एक. लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच बॅगेत ठेवली तर ती एकच प्रत समजायची, कारण बॅग एकच चोरीला जाते.

मत चौथे : "पासवर्ड अवघड पाहिजे, ॲट आणि डॉलर टाकून."

इथे थोडं गणित. की-बोर्डवर साधारण ९४ चिन्हं आहेत. ती सगळी वापरून केलेला आठ अक्षरी पासवर्ड घेतला तर ९४ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ६ हजार लाख कोटी शक्यता. आता फक्त इंग्रजी छोटी अक्षरं घ्या, पण बारा. २६ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ९५ हजार लाख कोटी. जवळजवळ पंधरा पट जास्त! डॉलर नाही, ॲट नाही, कॅपिटल नाही, फक्त चार अक्षरं लांब. अट एवढीच की अक्षरं यादृच्छिक हवीत. स्वतःच्या नावापुढे ॲट आणि १२३ लावणं हा यादृच्छिक प्रकार नव्हे, तो भारताचा राष्ट्रीय पासवर्ड आहे.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये आपले नियम बदलले. चिन्हांची सक्ती आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती नको, लांबी वाढवा, असा नवा सल्ला आला. जुने नियम लिहिणारे बिल बर यांनीही त्याच वर्षी त्या सल्ल्याबद्दल खंत व्यक्त केली. कारण सक्ती केली की माणूस वर्षभर एकच पासवर्ड ठेवतो आणि शेवटचा आकडा तेवढा बदलतो. आपल्या लॅबमध्ये याचा अनुभव घ्यायला फार लांब जावं लागत नाही, मॉनिटरच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी वाचली की पुरे.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, मराठीतले चालतील. गाण्याची ओळ नको, ती सगळ्यांनाच पाठ असते. पण खरा कोयंडा वेगळाच आहे : एकच पासवर्ड सगळीकडे वापरणं. एखाद्या फालतू गेमच्या साइटवरून तुमचा पासवर्ड फुटला की तोच तुमच्या ई-मेलवर लावून बघितला जातो. आणि ई-मेल गेला की सगळंच गेलं, कारण 'फरगॉट पासवर्ड'ची प्रत्येक लिंक तिथेच येते. म्हणून बाकी काही जमलं नाही तरी ई-मेलचा पासवर्ड एकटा ठेवा आणि त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.

मत पाचवे : "अँटिव्हायरस टाकलाय ना."

अँटिव्हायरसच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक थोडा अभिमान बाळगू शकतो. क्विक हील हे पुण्याचं. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे प्रोग्रॅमर भाऊ संजय यांनी ते उभं केलं. अँटिव्हायरसचं मूळ काम पोलीस स्टेशनात लावलेल्या फरारी गुन्हेगारांच्या फोटोंसारखं असतं. फाइल आली की फोटोशी ताडून बघायची. हल्ली त्याबरोबर संशयास्पद वागणूकही पाहिली जाते. तरी नवा, फोटो नसलेला चोर निसटू शकतोच.

दुसरी गोष्ट अशी, की घराला भगदाड असेल तर वॉचमन किती धावणार? १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला. लोकांच्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचं कामकाज कोलमडलं. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. मधे दोन महिने होते! "रिमाइंड मी लेटर" दाबण्यात दोन महिने कसे जातात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्यानंतरच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हे टर्मिनल मर्स्क या कंपनीच्या समूहाकडे होतं, आणि नॉटपेट्या त्या कंपनीत युक्रेनमधल्या एका टॅक्सच्या सॉफ्टवेअरमार्फत शिरला होता. गंमत अशी की या वेळी विषच त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये कालवलेलं होतं. मग अपडेट करावं की नाही? करावंच. अपडेट न करून बळी पडलेले त्याहून कितीतरी जास्त आहेत. फक्त अपडेट केलं म्हणजे झालं, असंही समजू नये.

होस्टेलमध्ये मात्र या सगळ्याच्या वरताण एक प्रकार चालतो. एखादं महागडं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करताना सूचना येते : आधी अँटिव्हायरस बंद करा. आणि आपण करतो! म्हणजे वॉचमन चोराला अडवतोय आणि घरमालक वॉचमनला म्हणतोय, "जाऊ दे रे, आपलाच माणूस आहे." त्या क्रॅकबरोबर काय काय आत आलं हे कळत नाही, कारण ज्याला कळलं असतं त्याला आपणच झोपवलेलं असतं. बहुतेक सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठी फुकट आवृत्ती असते, ती आधी शोधावी.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर चालणारं मशीन बंद पडलेलं नाही, पण नवीन भोकं सापडली तर ती आपोआप बुजवली जातील ही खात्री संपली. ज्यांचं मशीन विंडोज ११ घेत नाही, त्यांनी लिनक्सचा विचार करायला हरकत नाही.

मत सहावे : "लिनक्सला व्हायरस येत नाही."

लिनक्स टाका म्हटलं की हे वाक्य पाठोपाठ येतंच. वस्तुस्थिती अशी की इंटरनेटवर गाजलेला पहिला वर्म विंडोजवर नव्हताच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला तो वर्म युनिक्सच्या मशीन्सवर पसरला होता. घरगुती कॉम्प्युटरवर लिनक्स कमी, म्हणून चोरांना तिथे गिऱ्हाईक कमी. अधिकारांची विभागणी कडक आहे हाही फायदा खरा. पण 'कमी येतात' आणि 'येत नाहीत' यात फरक आहे.

लिनक्सचा कोड उघडा असतो, कोणीही वाचू शकतो, म्हणून सुरक्षित, असंही म्हटलं जातं. कोणीही वाचू शकतो हे खरं, पण वाचतं कोण? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार सापडलं. कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरत विश्वास कमावला आणि मग ते घुसवलं. पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. तो खणत गेला आणि बिंग फुटलं. हे दार मोठ्या लिनक्स आवृत्त्यांमध्ये सगळीकडे पोचण्याआधीच सापडलं. तेव्हा उघडा कोड ही उत्तम गोष्ट आहे, पण तो कोणीतरी उघडून बघावा लागतो. कदाचित आपल्यापैकीच कोणीतरी.

मत सातवे : "घरी कॅमेरे बसवलेत, आता काळजी नाही."

आता होस्टेलमधून घरी जाऊ. आपण इकडे, आई-बाबा तिकडे गावी. घरफोड्यांच्या बातम्या वाचून बाबा चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर बसवून घेतात. बसवणारा माणूस मोबाइलवर ॲप टाकून देतो, घर लाइव्ह दिसायला लागतं, सगळे खूश. पण कॅमेरा चोराला अडवत नाही, त्याची नोंद ठेवतो. आणि ती नोंद ज्या डीव्हीआरमध्ये असते तो टीव्हीच्या शेजारी उघडा असतो. चोर जाताना तो डबाच उचलून नेतो.

याहून गंभीर गोष्ट पासवर्डची आहे. बसवणारा माणूस जो पासवर्ड ठेवतो तो शंभर घरांत तोच असतो. बहुतेक वेळा कारखान्यातून आलेलाच. २०१६ मध्ये मिराई नावाचा मालवेअर असाच पसरला. त्याच्याकडे नेहमीच्या युजरनेम-पासवर्डच्या सुमारे साठ जोड्यांची यादी होती, बस्स. तेवढ्या यादीवर जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. आणि हो, या उपकरणांमध्ये आत लिनक्सच होतं! २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच मिराईग्रस्त उपकरणांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत काही तास ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स उघडेनात. मिराई लिहिणारे कोणी महागुंड नव्हते. ते विशीच्या आसपासचे तीन तरुण होते, त्यातला एक कॉलेजचा विद्यार्थी. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला.

तिथे कॅमेरे हत्यार झाले. पण कॅमेरा खिडकीही होऊ शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांची दृश्यं बाहेर गेली आणि विकली जात असल्याचं उघड झालं. तपासणीसाठी आलेल्या बायकांची दृश्यं. चोर रुग्णालयात आलाच नव्हता, तो सुरक्षिततेसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातून आत आला. हे वाचल्यावर घराच्या आत, बेडरूममध्ये, होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कॅमेरा लावताना 'कोण बघू शकेल' हा प्रश्न 'काय दिसेल' याच्या आधी विचारायला हवा. बाहेरच्या दारावर एक कॅमेरा पुष्कळ असतो.

दिवाळीत घरी गेलात की अर्धा तास काढा. डीव्हीआरचा आणि वाय-फाय राउटरचा पासवर्ड बदला. नवा पासवर्ड आईच्या वहीत लिहून द्या. हो, वहीत! कपाटातली वही रशियातून कोणी हॅक करत नाही. डीव्हीआर कपाटात बंद करा. आणि मागच्या दाराची कडी एकदा हलवून बघा.

मत शेवटचे : "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

हे मत सगळ्यात निरागस आणि सगळ्यात धोक्याचं. विद्यार्थ्याच्या खात्यात महिनाअखेरीला दोनशे रुपये असतात, हे चोरालाही ठाऊक असतं. त्याला तुमचे पैसे नकोच असतात, त्याला तुम्ही हवे असता. तुमचा कॅमेरा त्याला हल्ल्यासाठी हवा, तुमचा नंबर तुमच्या मावशीकडे तुमच्या नावाने पैसे मागायला हवा, आणि तुमचं कोरं, स्वच्छ बँक खातं त्याला लुटीचा पैसा फिरवायला हवं.

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तिजोरी कोणी फोडली नाही. एटीएमवर कार्ड टाकलं की 'पैसे द्यायचे का' असं बँकेच्या सर्व्हरला विचारलं जातं. चोरांनी मालवेअरने त्या जागी आपला खोटा सर्व्हर बसवला, तो प्रत्येक वेळी 'द्या' म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, भारतातल्याही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली. हे सूत्रधार नव्हते. खोटी कार्डं घेऊन एटीएमवर पैसे काढायला गेलेले आणि त्यासाठी माणसं जमवणारे असे हे लोक. सूत्रधार कधी एटीएमपाशी उभा राहत नाही. त्यासाठी तो चार पैशांची गरज असलेला कोणीतरी शोधतो.

असा कोणीतरी आज होस्टेलमध्येही शोधला जातो. "तुझं खातं आठ दिवस वापरायला दे, पाच हजार देतो," असं कोणी म्हणालं, मग तो सीनियर का असेना, तर समजा की चोरीचा माल तुमच्या खोलीत ठेवायला मागतोय. पोलीस खात्यावरचं नाव वाचतात, आणि नाव तुमचं असतं. नोकरीच्या वेळी बॅकग्राउंड चेकमध्येही तेच नाव असतं.

म्हणून चोरण्यासारखं काय आहे, याचं उत्तर : तुमचं नाव.

आता एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे, असं वाटत असेल तर फक्त येत्या रविवारी पाच कामं करा. ई-मेलचा पासवर्ड वेगळा आणि लांब करून टू-स्टेप लावा. प्रोजेक्टची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर ठेवा. अडलेले अपडेट होऊ द्या. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय नंबर वहीत लिहा, म्हणजे फोन हरवला तर संचार साथीवर तो ब्लॉक करता येईल. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर स्वतःच्या नाही, तर आई-बाबांच्या फोनमध्ये सेव्ह करा. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन केला तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. त्यांना हेही सांगा की यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार आहेत.

या पाचांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत. सहावं काम मात्र आहे, त्याला एक स्क्रूड्रायव्हर लागेल. तो मेकॅनिकलच्या कोणाकडेही मिळेल.